परळच्या शाळेत मी गेलो नव्हतो

मुंबईहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय गुरुजी, मुंबई कशी काय?" मी म्हणतो, "पाय दुखले." एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. आजऱ्यासारख्या ठिकाणाहून सरकारी कामावर मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने समुद्र, उंच इमारती, एखादी नटी असं काहीतरी गाठीला बांधून आणायला हवं. समुद्र मी पाहिला, गिरगावात, भेळेची एक पुडी संपेपर्यंत. नटी दिसली नाही. जे दिसलं ते एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो आहे. मे महिन्यात मी निवृत्त होणार. मग वेळ भरपूर असेल, पण राग तेव्हापर्यंत टिकेल की नाही याची खात्री नाही.

काम असं होतं. राज्य शासनाने काही वर्षांपूर्वी सरकारी शाळांना इंटरनेट द्यायचं ठरवलं. प्रत्येक शाळेत दोन शिंगं वर केलेला एक पांढरा डबा आला. डबा बसवण्याचा आणि पहिल्या वर्षाचा खर्च शासनाचा. पुढे 'जोडणी सुरू ठेवण्याचा खर्च शाळेने उपलब्ध निधीतून भागवावा', असं शासन निर्णयात लिहिलेलं. माझ्या शाळेत उपलब्ध निधी म्हणजे खडूचं खोकं. मग वर कुणाला तरी प्रश्न पडला, की दिलेले डबे चालतात का? तेव्हापासून दरवर्षी पडताळणी निघते. आपल्या माणसाने आपल्यालाच सांभाळून घेऊ नये, म्हणून एका जिल्ह्याच्या शिक्षकाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळा बघायच्या. यंदा माझ्या वाट्याला मुंबईतल्या तीन पालिका शाळा आल्या. गिरगाव, दादर आणि परळ, दिवसाला एक.

पडताळणी फोनवरच्या ॲपमध्ये करायची. प्रत्येक शाळेच्या वाय-फायला शाळेच्या क्रमांकाचंच नाव दिलेलं असतं. त्या नावाच्या वाय-फायला आपला फोन जोडला, की ॲप उघडतं, वेग मोजतं आणि स्वतःच 'चालू'वर खूण करतं. पडद्यावर 'बंद' असाही एक पर्याय आहे, पण तो फिकट करड्या अक्षरांत. त्याच्यावर कितीही बोट दाबा, काही होत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी मी हात वर करून विचारलं, "जोडणी बंद असेल तर अहवाल कसा पाठवायचा?"

शिकवणारे साहेब सज्जन होते. म्हणाले, "सर, जोडणीशिवाय अहवाल जाणारच नाही ना."

"तेच विचारतोय."

"तेच सांगतोय," ते म्हणाले. मग चहा आला.

लालबाग

आमच्या गावची लालबागला एक खोली आहे. गिरण्या जोरात होत्या तेव्हा गावच्या लोकांनी वर्गणी काढून ती घेतली. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे आणि मधल्या जागेत सतरंज्या. पूर्वी इथे तीन पाळ्यांत माणसं झोपायची, आता सातआठ असतात. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी इमारतीच्या दारावर बसतो. खोलीची किल्ली गोपाळतात्यांकडे. तात्या गिरणीत होते. गिरणी गेली, मुलं गावाला गेली, तात्या किल्लीपाशी राहिले.

"गुरुजी, तुमी त्या कोपऱ्यात पसरा," तात्या म्हणाले. "त्यो कोपरा मास्तराचा."

"माझ्या आधी कोण मास्तर राहायचा?"

"कोन न्हाई. पन ठेवलाय."

मी घरून घनसाळ तांदूळ नेला होता. तो खालच्या खानावळीत दिला. दुपारी भात शिजला आणि त्या वासाने मजल्यावरची चार दारं उघडली. तात्या ताटाशी बसले आणि बराच वेळ नुसते वास घेत राहिले. खानावळीच्या मावशींनी मला त्याच्यासोबत ओले बोंबील तळून वाढले. आमच्याकडे नदीचा मासा असतो, त्याला हाड असतं, स्वभाव असतो. हा बोंबील तोंडात ठेवला आणि नाहीसा झाला. चव मात्र फार चांगली.

थकवा पहिल्याच दिवशी आला. उन्हाचा, जिन्यांचा, आणि माझ्याजवळच्या दोन फोनांचा. एक माझा. दुसरा शाळेचा, पोषण आहाराची रोजची माहिती भरायचा. माणूस कुठेही जावो, ते काम पाठ सोडत नाही. लालबागच्या जिन्यात बसून मी गावाकडच्या शाळेत आज किती पोरांनी खिचडी खाल्ली ते भरलं.

गिरगाव

गिरगावची शाळा पाचवीपर्यंतची, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापिका डिसिल्वाबाई जवळच्याच वाडीत जन्मलेल्या. त्यांच्या घराण्याने मुंबई मुंबई व्हायच्या आधीपासून पाहिलेली आहे, असं त्यांनीच सांगितलं. मी "मॅडम" म्हटलं, तर हात हलवून म्हणाल्या, "मॅडम नको हां, टीचर बोला. पोरांचे आईबाप पण टीचरच बोलतात, ते पण माझेच स्टुडंट."

त्यांनी घरून फुगे आणले होते, म्हणजे तळलेले गोल गोड पावच. चहात बुडवून चार खाल्ले. मग मी डब्याचं विचारलं. डबा कपाटात होता. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

"बाहेर का नाही लावला?"

"बाहेर लावला आणि पोरांचा बॉल लागला तर? डेड स्टॉक रजिस्टरला माझं नाव आहे, सर. रिटायर होताना तो परत द्यायचाय, चांगल्या कंडिशनमध्ये."

आणि त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत खडूशेजारी एक जुना फोन. "माझ्या मुलाचा आहे. ह्या एकाच कामाला ठेवलाय. हॉटस्पॉट ऑन केला, की नाव बघा, शाळेचाच नंबर येतो. करा तुमचं."

मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर आश्चर्य वाटायला जागा नव्हती. माझ्या शाळेतला डबा दोन पावसाळ्यांपूर्वीच मेला आहे. पडताळणीच्या दिवशी आम्ही ग्रामसेवकाच्या फोनला शाळेचा क्रमांक देतो. ज्या आठवड्यात मी गिरगावात चहात फुगा बुडवत होतो, त्याच आठवड्यात माझ्या शाळेतही कुणी परगावचा शिक्षक चहा पीत होता आणि माझे सहकारी ग्रामसेवकाची वाट बघत होते. मी ॲप उघडलं, त्याने 'चालू'वर खूण केली, मी 'पाठवा' दाबलं. असल्या एका शब्दाने कुणाचं काही वाकडं होत नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं.

"मुलांना इंटरनेटवरचं काही दाखवता का?" उगाच विचारलं.

"दाखवते ना, माझ्या फोनवर. पॅक संपला की त्या महिन्याचा भूगोल संपला."

संध्याकाळी चौपाटीवर गेलो. समुद्र होता तसाच होता. भेळवाल्याने भेळेत गोड चटणी इतकी घातली, की आमच्या गावच्या बाजारात त्याला उभं केलं नसतं.

दादर

परत येताना बस चुकलो आणि दुसऱ्या दिवशीही चुकलो. दुसऱ्या दिवशी तर साड्यांच्या बाजारात, हिंदमाताला उतरलो. शाळेचा पत्ता विचारायला एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, तर आतल्या माणसाने "या सर, बसा सर" करत गादीवरच बसवलं. पत्ता सांगता सांगता त्याने अकरा साड्या उलगडल्या. इतकी घडी मोडल्यावर उठून यायची मला लाज वाटली. बायकोसाठी एक जांभळी घेतली. तिला जांभळा रंग आवडत नाही, हे मला गादीवर बसल्या बसल्याच आठवलं होतं.

दादरच्या शाळेतला डबा मात्र चालू होता. खरोखरचा चालू. भिंतीवर उंच जागी लावलेला, खंडेनवमीला पूजा केल्याचं हळदीकुंकू अजून त्याच्या कपाळाला. फक्त त्याची वायर लोंबकळत होती. मुख्याध्यापक स्टुलावर चढले, शेजारच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राची पिन काढली, तिथे डब्याची घातली आणि खाली उतरून म्हणाले, "पाच मिनिटं लागतात."

मजल्यावर प्लग तो एकच. डबा द्यायला निधी आला, प्लगला आला नाही. प्लग म्हणजे बांधकाम, आणि त्याचं खातं वेगळं. मुख्याध्यापकांनी दोनदा लिहिलं होतं, आता लिहायचं सोडलं आहे. "पोरांना तहान रोज लागते," ते म्हणाले. "इंटरनेट तुम्ही आल्यावर लागतं."

ॲप वेग मोजत होतं. तेवढ्यात रिकाम्या बाटल्या घेतलेल्या पोरांची दारात रांग लागली. पुढची मुलगी माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं झालं का? आम्हाला पाणी प्यायचंय."

मी 'पाठवा' दाबलं. मुख्याध्यापक पुन्हा स्टुलावर चढले. ही माझी एकमेव खरी पडताळणी.

परळ

तिसऱ्या दिवशी माझ्यात काहीच उरलं नव्हतं. पायाला फोड, डोक्यात हॉर्न. एक शाळा, एक 'चालू', आणि संध्याकाळची गाडी, एवढाच हिशेब करून परळला गेलो.

शाळा आठवीपर्यंतची. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती, कारभार तांबेबाईंकडे. पन्नाशीच्या, बारीक, बाहीला खडू लागलेला. नायगावच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत. विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकल्या आणि अजून संध्याकाळी तिथल्या मुलांना गणित शिकवतात. हे मला नंतर कळलं. सकाळी फक्त एवढं कळलं, की बाई जरा कडक आहेत.

डबा भिंतीवर होता, पुसलेला, स्वच्छ. दिवा लागलेला नव्हता.

"बंद आहे," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष."

"बरं. मग लावा कुणाचा तरी फोन. नाव बदलून."

"नाही लावणार, सर."

मला वाटलं त्यांना युक्ती माहीत नसावी. मी समजावून सांगू लागलो. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. म्हणूनच नाही लावणार."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "बाई, मी आजऱ्याहून आलोय. रात्रभर गाडीत बसून. तुम्ही नाही लावला तर मी लावतो, माझ्याकडे दोन फोन आहेत." आणि खरंच पोषण आहाराचा फोन काढून त्यात शाळेचा क्रमांक टाकायला लागलो. तो क्रमांक लांबलचक असतो, आणि माझा चष्मा वर कपाळावर होता.

बाईंनी फोन हिसकावला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "टाका नाव. पण ते 'पाठवा' दाबायच्या आधी पाच मिनिटं आठवीच्या वर्गात या. मग तुमची मर्जी."

वर्गात चोवीस मुलं होती. बाईंनी फाइलमधून एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. गेल्या वर्षीच्या आठवीची यादी. नावांची ओळ, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द. गैरहजर, गैरहजर, गैरहजर, पान संपेपर्यंत.

"आठवीची शिष्यवृत्तीची परीक्षा," बाई म्हणाल्या. "पास झालं तर बारावीपर्यंत दर महिन्याला पैसे मिळतात. ज्या शाळेत जोडणी चालू, तिथे परीक्षा ऑनलाइन, शाळेच्याच टॅबवर, शाळेच्याच वाय-फायवर. बाकीच्यांना कागदावर. आमच्याकडे तुमच्यासारखेच एक सर आले होते. फार चांगले होते, घाईत होते. त्यांनी शिपायाचा फोन लावून 'चालू' केलं. मी तेव्हा रजेवर होते. परीक्षेच्या दिवशी मुलं नऊ वाजता बसली. मी माझा फोन लावला. एवढ्या टॅबना एक फोन पुरतो का, सर? पडद्यावर गोल फिरत राहिला. बारा वाजले, वेळ संपली. निकालात सगळी गैरहजर."

"तक्रार केली नाहीत?"

"केली. उत्तर आलं, की अभिलेखानुसार जोडणी चालू आहे."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव प्रांजल. बाईंनी तिला उठवलं नव्हतं. म्हणाली, "सर, माझी ताई होती त्याच्यात. तिचं मॅथ्स एकदम भारी आहे. ती बसली होती तीन तास. बाबा अजून तिला विचारतात, त्या दिवशी कुठे गेली होतीस? ती बोलते, शाळेत. बाबा बोलतात, मग सरकार काय खोटं लिहितं काय?"

कुणी हसलं नाही. मी कागद परत केला.

बाहेर गॅलरीत आल्यावर मी विचारलं, "पण मी करू काय? बंद लिहिताच येत नाही."

"काहीच करू नका," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे परिपत्रक होतं, त्यातलं एक कलम लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं. "अहवाल गेला नाही, तर आमच्या शाळेपुढे 'भेट झाली नाही' असं येतं. भेट न झालेली शाळा प्रलंबित. प्रलंबित शाळेला परीक्षा कागदावर. परीक्षा बारा दिवसांवर आली आहे, सर. तोवर दुसरी भेट लागणार नाही."

"आणि माझं?"

त्यांनी परिपत्रकाचं पान उलटलं. तेही कलम त्यांनी वाचलेलं होतं. "तुमचा आजचा दिवस लागणार नाही," शेवटी म्हणाल्या. "विनापरवाना गैरहजर."

आता हे वाचणाऱ्याला एक दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. मी तेहतीस वर्षं नोकरी केली. चांगला शिक्षक होतो की नाही, हे पोरांना विचारा, मला खात्री नाही. पण हजेरी माझी होती. हिरण्यकेशीला पूर आला तेव्हा मी तीन गावांचा वळसा घालून शाळेत पोचलो होतो. मुलीच्या साखरपुड्यादिवशी सकाळची शाळा भरवून मग मांडवात गेलो, त्यावरून घरात अजून ऐकून घेतो. माझ्या सेवापुस्तकात लाल शाई नाही. दुसरं काही मिरवण्यासारखं नाही, म्हणून तेवढं मी मिरवत आलो. आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना ही बाई मला ते मागत होती, तेही मागितल्यासारखं न करता.

मला त्यांचा राग आला. सरकारचा आला, त्या घाईतल्या चांगल्या सरांचा आला. मग त्या सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलो, तर माझाच आला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तिथे अशी परीक्षाच नाही. म्हणून दोन वर्षं ग्रामसेवकाचा फोन लावून मी सुखाने झोपत होतो. समोर एका जुन्या गिरणीचं धुराडं आणि त्याच्या दुप्पट उंच दोन इमारती दिसत होत्या. खाली पोरं लंगडी खेळत होती. मी तिथे चांगला अर्धा तास उभा राहिलो असेन.

परत आलो तेव्हा बाई वर्गातच होत्या. फोनमध्ये टाकलेला शाळेचा क्रमांक मी खोडला. "शेरेबुक द्या," म्हटलं.

शेरेबुक म्हणजे शाळेला भेट देणाऱ्याने चार ओळी लिहायची वही. प्रत्येक शाळेत असते. शेवटचा शेरा त्या चांगल्या सरांचा होता: 'शाळेस भेट दिली. जोडणी चालू. समाधान वाटले.' मी त्याखाली लिहिलं, 'आज सकाळी दहापासून मी या शाळेत आहे. डबा बंद आहे. आठवीची चोवीस मुलं हजर आहेत.' सही केली, तारीख घातली.

बाईंनी वाचलं आणि घाबरल्या. "सर, यात तुम्ही आला होतात असं झालं की."

"शेरेबुक कोण वाचतं?"

त्यांनी जरा विचार केला. "कोणी नाही."

"मग राहू दे."

दुपारी बाईंनी आपला जेवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्याकडे भाकरी नाचणीची, जाडजूड. ही हातावर पातळ, पण चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. निदान तसं म्हणायला सोय झाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा हजेरी होते, ही तिथली पद्धत. बाई एकेक नाव घेत होत्या, मुलं उत्तर देत होती. मी मागच्या बाकावर बूट काढून बसलो होतो. चोविसावं नाव झालं. बाईंनी वही मिटली नाही. मान वर न करता म्हणाल्या, "पोवार सर?"

चोवीस माना मागे वळल्या.

"हजर," मी म्हटलं. आवाज भलताच मोठा निघाला. पोरं खो खो हसली आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं.

पुन्हा लालबाग

गाडीला वेळ होता. तात्यांना सगळं सांगितलं. ते ट्रंकेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "गुरुजी, मी नऊ वर्सं बदलीवाला हुतो. रोज सकाळी गेटावर जाऊन हुबं ऱ्हायचं. कोन कायम कामगार आला न्हाई तर आत घ्यायचे. सगळे आले तर जा घरी. गेटावर हुतो, पन हजेरीत न्हाई. आयला, तुमी तर एकच दिस भाईर ऱ्हायलासा."

"तुमच्या कार्डावर लाल शाई नव्हती, तात्या."

"कार्डच नव्हतं," तात्या म्हणाले. मग उठून त्यांनी माझी सतरंजी गुंडाळली आणि मास्तराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

घरी

साडी बायकोने उलगडली, माझ्याकडे पाहिलं आणि परत घडी घातली. शाळेत गेलो तर सहकारी खुशीत. आमचीही पडताळणी झाली होती, ग्रामसेवक वेळेवर आला होता, 'चालू'. मी सांगितलं, पुढच्या वेळी फोन लावायचा नाही. त्यांना वाटलं, मुंबईने माझं डोकं फिरवलं.

आठवड्याने पत्र आलं. 'नेमून दिलेल्या दिवशी आपण पडताळणीच्या कामावर विनापरवाना गैरहजर असल्याचे दिसून येते. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' मी रात्रीतून मनातल्या मनात तीन पानी खुलासा लिहिला. त्यात डबा होता, चोवीस मुलं होती, फिकट करडं 'बंद' होतं. सकाळी कागद घेतला तेव्हा ध्यानात आलं, की यातला एक शब्दही पाठवता येणार नाही. भेट झाली हे सिद्ध झालं, तर परळला कुणीतरी दुसरा फोन घेऊन धावत जाईल. मग लिहिलं, 'त्या दिवशी मी परळच्या शाळेत गेलो नव्हतो. चूक मान्य आहे.' खोटं लिहायची मला सवय होती, पण आजवर ते 'चालू' या एका शब्दात मावत होतं. सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली. कारकुनाने ती लिहिताना मान खाली ठेवली, कारण तो माझा विद्यार्थी आहे.

परीक्षा होऊन गेली, म्हणून आता हे सगळं सांगायला हरकत नाही.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी तांबेबाईंचा फोन आला. "सर, कागद आले होते. चोवीस पाकिटं. तेवीस मुलं हजर."

मी विचारलं, "आणि एक?"

"ओम. कांजण्या आल्यात त्याला. तो खरोखरच गैरहजर आहे."

आम्ही दोघंही हसलो. कांजण्यांवर हसू नये, पण हसलो.

"आणखी एक सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "कागदावर परीक्षा झाली की प्रश्नपत्रिका घरी न्यायला मिळते. प्रांजलने ती नेऊन थेट बाबांच्या हातात दिली. म्हणाली, हे बघा, परीक्षेला बसलं की हे मिळतं. ताई पण बसली होती, तिला कोणी हे दिलंच नव्हतं."

"मग? काय म्हणाले ते?"

"त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ तो कागद उलटसुलट करून बघत बसले, असं प्रांजल सांगत होती. मग त्यांनी आतल्या खोलीत ताईला हाक मारली."